ताल कुणाचा, हात कुणाचा?

मार्च महिना सुरू झाला की यूट्यूबवर नव्या भीमगीतांचा पूर येतो. १४ एप्रिलच्या आधी गाणे आले पाहिजे, मिरवणुकीत वाजले पाहिजे, रील्सवर फिरले पाहिजे, ही घाई आम्ही समजू शकतो. यातली बरीच गाणी आता मोठ्या स्टुडिओत होत नाहीत. वस्तीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत, एक लॅपटॉप, एक माइक, एक ऑडिओ इंटरफेस आणि खिडकीला लावलेली गोधडी एवढ्या सामग्रीवर ती तयार होतात. याचा आम्हाला अभिमान आहे. पण त्यातली कुठलीही पाच गाणी सलग ऐका. शब्द क्षणभर बाजूला ठेवा आणि फक्त ताल ऐका. तीच किक, तोच क्लॅप, तोच ढोलकीचा लूप, धृपदावर येताना तोच रोल. कवी वेगळा, गायक वेगळा, गाव वेगळे; वाजवणारा मात्र एकच वाटतो, आणि त्याचे नाव कुणालाच ठाऊक नाही.

आमचे म्हणणे सरळ आहे. घरच्या स्टुडिओत मिडी ड्रम वापरायला आमचा विरोध नाही. उलट, हे साधन आपल्या तरुणांनी पूर्णपणे आत्मसात करावे, असे आम्ही आग्रहाने सांगतो. मिडी हे हाताची नोंद ठेवणारे साधन आहे. ज्या समाजाच्या हाताची नोंद कधी कुणी ठेवली नाही, त्या समाजाने हे साधन अनोळखी लूप ओढून चिकटवण्यात वाया घालवू नये, एवढाच आमचा आक्षेप आहे.

मिडी म्हणजे नेमके काय, हे आधी समजून घेऊ. पुष्कळांचा समज असा की मिडी म्हणजे कॉम्प्युटरचा नकली आवाज. हा समज चुकीचा आहे. मिडीच्या फाइलमध्ये आवाज नसतोच. कोणता ठोका, कोणत्या क्षणी, किती जोरात आणि किती वेळ, एवढीच माहिती तिच्यात असते. जोर १ ते १२७ अशा आकड्यांत लिहिला जातो. त्याला व्हेलॉसिटी म्हणतात. पूर्ण गाण्याचा ड्रम ट्रॅक काही किलोबाइटमध्ये मावतो; तेच गाणे सीडीच्या दर्जात ध्वनिमुद्रित केले तर मिनिटाला सुमारे दहा एमबी लागतात. म्हणजे वादकाने कसे वाजवले, याचा कागद व्हॉट्सअॅपवरून पाठवता येतो आणि समोरचा माणूस त्या कागदावर हव्या त्या वाद्याचा आवाज बसवू शकतो.

हे तंत्र १९८३ साली आले. रोलँड कंपनीचे संस्थापक इकुतारो काकेहाशी आणि अमेरिकन सिंथेसायझर-निर्माते डेव्ह स्मिथ यांनी त्यात पुढाकार घेतला, आणि एका कंपनीचे यंत्र दुसऱ्या कंपनीच्या यंत्राशी बोलावे म्हणून ही भाषा रॉयल्टी न घेता सर्वांसाठी खुली ठेवली. ज्ञान कुलपात ठेवण्याची परंपरा असलेल्या देशात आपण राहतो. त्यामुळे खुल्या ठेवलेल्या ज्ञानाची किंमत आपल्याइतकी कुणाला कळणार?

आपल्या वस्तीत मिडी आले ते कॉम्प्युटरमधून नव्हे, ऑक्टोपॅडमधून. रोलँडने १९८५ मध्ये आठ पॅडचे हे यंत्र काढले, आणि पुढे आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रात, भीमगीतांच्या कार्यक्रमांत ऑक्टोपॅड वाजवणारा पोरगा हा हमखास दिसणारा माणूस झाला. ढोलकी, ताशा, हलगी, सगळे काही आठ रबरी चौकोनांवर काढून दाखवणारे हे वादक मिडी वाजवतात, हे त्यांना स्वतःलाही अनेकदा कुणी सांगितलेले नसते. ऑक्टोपॅडची एक वायर लॅपटॉपला जोडली की त्यांच्या हाताची प्रत्येक थाप लिहून निघते. मग खोलीत बसलेला आपला संगीतकार त्या वादकाला बोलावण्याऐवजी परदेशी वेबसाइटवरून 'इंडियन फोक पर्कशन' नावाची फाइल का उतरवतो?

कारण सोपे आहे: ते तयार मिळते. पण तयार काय मिळते, तेही तपासू. १९९१ मध्ये 'जनरल मिडी' नावाचे प्रमाण ठरले. त्यात स्वरवाद्ये आणि इतर आवाज मिळून १२८ जागा आहेत. भारतातून त्यात सतार आहे आणि सनई आहे. तालवाद्यांसाठी दहावे चॅनल राखून ठेवले आहे: ३६ क्रमांकावर किक, ३८ वर स्नेअर, ४२ वर बंद हाय-हॅट. ३५ ते ८१ अशा या ४७ जागांत बोंगो आहे, काँगा आहे, माराकस आहे, ब्राझीलचा कुईकादेखील आहे. हलगी नाही, ढोलकी नाही, संबळ नाही, दिमडी नाही. तबलाही नाही, त्यामुळे यामागे कुणाचे जातीय कारस्थान शोधण्याचे कारण नाही. जपान-अमेरिकेतल्या अभियंत्यांनी जे ऐकले होते, ज्याचे रेकॉर्ड त्यांच्यापर्यंत पोचले होते, ते त्यांनी यादीत घातले. पण धडा पक्का घ्या. जे नोंदले गेले ते प्रमाण झाले, आणि जे नोंदले गेले नाही ते 'इतर' झाले. इतिहासाच्या पुस्तकात आपण हेच भोगले आहे.

सॉफ्टवेअर उघडल्यावर पुढचा प्रमाणित साचा दिसतो. बहुतेक ठिकाणी चार-चारचा ठेका आणि १२० चा वेग आधीच भरलेला असतो. आपली कितीतरी गाणी सहा मात्रांच्या दादऱ्यात चालतात. शाहिराचा पोवाडा कथनात थांबतो, चढतो, पुन्हा धावतो. पण नवा संगीतकार ग्रिड बदलत नाही, तो गाणे बदलतो. गायकाला सांगितले जाते, 'क्लिकवर गा.' मग जिथे दम घेऊन शब्द टाकायचा तिथे गायक धावतो, आणि जिथे जनता टाळी देईल तिथे क्लॅपचा लूप आधीच वाजून जातो.

त्यावर क्वांटाइझची कात्री. १०० च्या वेगाला एका मात्रेचा चौथा भाग म्हणजे १५० मिलिसेकंद. कसलेला ढोलकीवाला आपली थाप या रेषेच्या दहा-पंधरा मिलिसेकंद मागे किंवा पुढे ठेवतो. ती चूक नसते. तोच त्याचा बाज असतो, त्याच्या गुरूचा, त्याच्या फडाचा ठसा असतो. क्वांटाइझचे बटण शंभर टक्क्यांवर दाबले की हा ठसा एका क्षणात पुसला जातो. सगळ्या थापांचा जोर १०० वर ठेवला की उरलेसुरलेही जाते. ढोलकीच्या धुमावर तळहात दाबून जो घुमारा खालून वर चढवतात, तो एका ठोक्याच्या एका सॅम्पलमध्ये बसतच नाही. त्यासाठी पिच बेंड वापरावा लागतो किंवा घुमाऱ्याची वेगवेगळी सॅम्पल्स घ्यावी लागतात. एवढी मेहनत केली तर मिडीमध्येही ढोलकी बोलते. ती न करता 'मशीनमध्ये जीव नसतो' म्हणणे हा आळस आहे.

आता चळवळीतूनच येणारा एक आक्षेप. काही ज्येष्ठ कार्यकर्ते विचारतात, हलगी परत कशाला आणता? ती आपल्या गुलामीची खूण आहे. गावात दवंडी द्यायची, देवाच्या पालखीपुढे वाजवायची, मयताच्या पुढे वाजवायची, आणि बदल्यात शिळी भाकरी घ्यायची. हे काम महार-मांगांच्या माथी मारलेले होते. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते अशाच सक्तीच्या, वंशपरंपरेच्या चाकरीविरुद्ध. गावकीची कामे सोडणाऱ्या आपल्या बापजाद्यांनी त्यासाठी बहिष्कार सोसले, मार खाल्ला. त्या त्यागावर पाणी पडेल असे काहीही आम्हाला मान्य नाही.

पण सक्ती आणि कला यांतला फरक ओळखायला हवा. आपण सोडली ती चाकरी, ताल नव्हे. ताल सोडला असता तर आंबेडकरी जलसे उभेच राहिले नसते. भीमराव कर्डक यांच्यासारख्या जलसाकारांनी, पुढे वामनदादा कर्डकांनी, अण्णाभाऊ साठे आणि विठ्ठल उमप यांनी याच मातीतल्या वाद्यांवर नवा विचार उभा केला. चेन्नईत पा. रंजित यांच्या पुढाकाराने २०१७ मध्ये उभ्या राहिलेल्या 'द कास्टलेस कलेक्टिव्ह'ने पराई आणि गाना यांना गिटार-ड्रमच्या शेजारी मानाने बसवले; पराईवरही आपल्या हलगीसारखाच अपमानाचा शिक्का होता. हलगी पाटलाच्या दारात वाजते की वादकाच्या स्वतःच्या मर्जीने, त्याच्या नावाने आणि योग्य मानधनावर स्टुडिओत वाजते, यावर ती गुलामी की कला हे ठरते. ज्याला वाजवायची नाही त्याच्यावर सक्ती नको. ज्याला वाजवायची आहे त्याला लाज नको.

दुसरा आक्षेप उलट्या बाजूने येतो: यंत्र परके आहे, त्याने आपली माती बाटते. 'बाटते' हा शब्द आपल्या तोंडी शोभत नाही. यंत्राला जात नसते. रोलँडचे टीआर-८०८ हे ड्रम मशीन १९८० मध्ये आले आणि खऱ्या ड्रमसारखे वाजत नाही म्हणून बाजारात पडले. १९८३ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. मग सेकंडहँड दुकानांत स्वस्त झालेले हे यंत्र अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय तरुणांच्या हाती लागले आणि त्यातून हिप-हॉप आणि डेट्रॉइटच्या टेक्नोचा पाया घातला गेला. आपल्या मुंबईत चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये हेच यंत्र वापरून रागांचा एक इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड काढला होता. तेव्हा त्याची फारशी दखल कुणी घेतली नाही, जगाला त्याचे महत्त्व कळायला पंचवीसहून अधिक वर्षे गेली. डेट्रॉइटच्याच जे डिला या कृष्णवर्णीय संगीतकाराने एमपीसी या यंत्रावर क्वांटाइझ न करता बोटांनी ठोके वाजवले, आणि त्या किंचित लंगडत चालणाऱ्या ठेक्याने पुढच्या पिढीतल्या हाडामांसाच्या ड्रमरांना नव्याने वाजवायला शिकवले. त्याची एमपीसी आज वॉशिंग्टनमधल्या आफ्रिकन-अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवलेली आहे. यंत्रावर हाताचा ठसा उमटतो, तो असा.

ज्या कृष्णवर्णीयांच्या लढ्यातून १९७२ मध्ये आपल्या पँथरने नाव आणि बळ घेतले, त्यांच्याच संगीतातली एक कडू गोष्ट आपण ध्यानात ठेवली पाहिजे. १९६९ मध्ये 'द विन्स्टन्स' या बँडच्या एका गाण्यात ग्रेगरी कोलमन या कृष्णवर्णीय ड्रमरने चार आवर्तनांचा तुकडा वाजवला, सहा-सात सेकंदांचा. 'आमेन ब्रेक' म्हणून ओळखला जाणारा तो तुकडा पुढे हजारो गाण्यांत वापरला गेला. त्यावर संगीताचे अख्खे प्रकार उभे राहिले, कंपन्या उभ्या राहिल्या. कोलमनला त्याची रॉयल्टी मिळाली नाही. २००६ मध्ये तो बेघर अवस्थेत वारला. आज आपण जो 'फोक ढोलक लूप' फुकट म्हणून ओढतो, त्याच्या मागेही कुणाचा तरी हात आहे. तो हात एखाद्या खोलीत एका दिवसाच्या मजुरीवर वाजला असेल आणि फाइलवर त्याचे नावही नसेल. बिनावेतन, बिननावाचे श्रम म्हणजे काय हे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, त्यांनी तरी ही फाइल डोळे झाकून वापरू नये.

यात कायदाही आपल्या बाजूने आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात वादकाला 'सादरकर्ता' म्हणून अधिकार आहेत आणि ते ५० वर्षे टिकतात. २०१२ च्या दुरुस्तीने व्यावसायिक वापरातल्या रॉयल्टीचा हक्क स्पष्ट केला आणि सादरकर्ता म्हणून आपले नाव लागावे हा नैतिक हक्कही दिला. पण आपल्या कॅसेटवर, सीडीवर आणि आता यूट्यूबच्या वर्णनात गायक, गीतकार, निर्माता, सौजन्य, शुभेच्छुक अशी दहा नावे असतात; ढोलकी आणि हलगी कुणी वाजवली ते बहुतेकदा नसते. प्रस्थापितांनी आपल्या कलावंतांची नावे गाळली म्हणून आपण लेख लिहितो. आपल्याच गाण्यात आपण तेच करत असू तर बोलायचे कुणाला?

'पैसे कुठून आणायचे?' हा तिसरा आक्षेप, आणि तो सर्वांत खरा आहे. ज्या पोराने हप्त्यावर लॅपटॉप घेतला, तो पाच वादक कसे आणणार? आम्ही पाच वादक आणा म्हणतच नाही. मिडीचा खरा उपयोग इथेच आहे. एका वादकाला एक दिवस बोलवा, पूर्ण दिवसाचे मानधन द्या, आणि त्या दिवसातून वर्षभराची सामग्री उभी करा. ती कशी, ते थोडक्यात सांगतो.

पहिले, गाणे आधी, ग्रिड नंतर. गायकाला पेटी किंवा तुणतुण्यावर मोकळे गाऊ द्या. त्याचा वेग मोजा आणि सॉफ्टवेअरची टेम्पो पट्टी त्याप्रमाणे वळवा. दादरा असेल तर ग्रिड सहाचा करा. कथनाच्या जागी वेग उतरवायचा असेल तर उतरवा. प्रत्येक चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये ती सोय असते.

दुसरे, ठोके माउसने काढण्याआधी हाताने वाजवा. ऑक्टोपॅड असेल तर उत्तम. नसेल तर लहान पॅड किंवा कीबोर्ड चालेल. नंतर दुरुस्ती करा, पण क्वांटाइझ पन्नास-साठ टक्क्यांच्या पुढे नेऊ नका. जिथे वादकाचा हात मुद्दाम मागे राहतो तिथे ते बटण दाबूच नका.

तिसरे, आपली सॅम्पल्स आपण तयार करा. शांत खोलीत हलगी तापवून घ्या, माइक दोन-तीन फुटांवर ठेवा. वादकाकडून जाड काडीचा ठोका, बारीक काडीचा ठोका, दोन्ही काड्यांचा, कडेवरचा आणि दाबून मारलेला, असे पाच प्रकार घ्या. प्रत्येक प्रकार चार जोरांत आणि प्रत्येक जोराचे चार वेगळे ठोके. पाच गुणिले चार गुणिले चार, म्हणजे ८० छोट्या फाइली. चार वेगळे ठोके घेण्याचे कारण असे की एकच फाइल पुन्हा पुन्हा वाजली की कानाला मशीनगन ऐकू येते. फाइली आळीपाळीने वाजल्या की हात ऐकू येतो. डिसेंट सॅम्पलरसारख्या मोफत प्लगइनमध्ये त्या बसवता येतात. एलएमएमएस आणि हायड्रोजन ही सॉफ्टवेअर मोफत आहेत, रीपर साठ दिवस पूर्ण तपासून मग घेता येते. क्रॅक मारलेल्या सॉफ्टवेअरची खरी गरज फार थोड्या लोकांना असते.

चौथे, वादकाशी लेखी बोला. एका कागदावर मराठीत लिहा: कोणी वाजवले, किती मानधन दिले, सॅम्पल कुठे वापरणार, विकले तर वाटा किती, नाव कसे लागणार. दोघांच्या सह्या, दोघांकडे प्रत. 'आपल्याच माणसाशी काय लिहायचे?' म्हणू नका. संविधान लिहिणाऱ्याचे आपण वारस आहोत. लिहून ठेवण्याचे मोल आपल्याला कळायला हवे.

पाचवे, तालाला शब्दाच्या वर चढू देऊ नका. माणसाच्या बोलण्यातली व्यंजने प्रामुख्याने दोन ते चार किलोहर्ट्झच्या पट्ट्यात स्पष्ट होतात, आणि हलगीचा कडाकाही तिथेच येतो. दोघे भांडले की शब्द हरतो. गायक गात असताना त्या पट्ट्यात हलगी दोन-तीन डेसिबल उतरवा, दोन ओळींच्या मधल्या मोकळ्या जागेत तिला सुटू द्या. जलशातला वादक हेच हाताने करायचा: शाहीर बोलत असताना हलका, शाहीर थांबला की मोकळा. डीजेच्या भिंतीपुढे छाती हादरते, पण बाबासाहेबांचा विचार छातीच्या हादऱ्याने पोचत नाही. त्यासाठी शब्द ऐकू यावा लागतो. ज्या गाण्यातून फक्त 'जय भीम' एवढेच कळते आणि बाकी सगळे किकखाली गाडले जाते, ते गाणे मिरवणूक हलवील, माणूस हलवणार नाही.

तयार लूपचा आणखी एक व्यवहारी धोका सांगून ठेवतो. एकच लूप शेकडो गाण्यांत असतो. त्यातल्या एखाद्या कंपनीने आपले गाणे यूट्यूबच्या हक्कतपासणी यंत्रणेत टाकले की तोच लूप वापरणाऱ्या दुसऱ्याच्या गाण्यावर दावा येऊ शकतो. मग भीमगीत आपले, मेहनत आपली आणि जाहिरातीचे पैसे भलत्याच्या खात्यात. स्वतःच्या सॅम्पलवर कुणी दावा लावला, तर किमान लढायला आपल्या हातात कागद असतो.

आमचे तरुण मित्रांना आवाहन आहे. प्रत्येक तालुक्यात एखादा तरी जुना हलगीवाला, ढोलकीवाला, दिमडीवाला आहे, ज्याचा बाज त्याच्या बोटांतच आहे आणि त्याच्याबरोबरच जाणार आहे. पुढच्या १४ एप्रिलची वाट न पाहता त्याच्याकडे जा. मानधन घेऊन जा, सन्मानाने बोला, त्याचे ठोके नोंदवा, त्याचे ठेके मिडीत उतरवा आणि फाइलच्या नावातच त्याचे नाव लिहा. एका जिल्ह्यातल्या दहा पोरांनी प्रत्येकी एक वादक नोंदवला आणि ते आपापसांत, ठरलेल्या अटींवर, वाटून घेतले, तरी त्या जिल्ह्याची भीमगीते पुढच्या वर्षी वेगळी वाजतील. गाण्याच्या वर्णनात गायकाच्या खालोखाल एक ओळ वाढवायची आहे: हलगी, आणि पुढे त्या माणसाचे पूर्ण नाव.

जय भीम!